गाणं मोनो, धूळ स्टिरिओ

कुत्राछाप रेकॉर्डवरच्या त्या कुत्र्यासमोर कर्णा एकच आहे. निपर त्याचं नाव. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने त्याला रंगवलं तेव्हा तो बिचारा हयातही नव्हता. १८९५ मध्येच गेला होता. मूळ चित्रात त्याच्यापुढे फोनोग्राफ होता. मग ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून १८९९ मध्ये त्याच्यावर रंग फासून तिथे ग्रामोफोन काढला गेला. यंत्र बदललं, पण कुत्र्याची मान तशीच राहिली, किंचित कललेली आणि त्या एका कर्ण्यावर रोखलेली. समोर दोन कर्णे असते तर त्याला मान सरळ, मधोमध धरून बसावं लागलं असतं आणि चित्रातली सगळी गंमत गेली असती. आवाज कुठून येतोय याची त्याला पंचाईत नाही. आवाज मालकाचाच आहे ना, एवढंच तो बघतोय.

ही निश्चिंती माझ्या वाट्याला आलेली नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत स्पीकर दोन आहेत आणि माझ्याकडच्या बहुतेक रेकॉर्डी मोनो. काही जुन्या बाजारातून उचललेल्या, काही नातेवाइकांच्या माळ्यांवरून, ‘तुम्ही नाही नेल्या तर भंगारवाल्याला देणार होतो’ या प्रेमळ धमकीसह आलेल्या. मोनो म्हणजे गाताना सगळ्यांचे आवाज एकत्र करून एकाच धाग्यात गुंफलेले. स्टिरिओ म्हणजे दोन धागे, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. कव्हरवर स्टिरिओ असेल तर तसं ठळक अक्षरांत मिरवलेलं असतं. मोनो असेल तर कोपऱ्यात बारीक टायपात ते कबूल केलेलं असतं, किंवा नुसत्या नंबरावरून ओळखायचं: ‘ईसीएलपी’ असेल तर मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. आता एकाच धाग्याचं हे गाणं दोन तोंडांच्या यंत्रावर लावलं तर काय होतं, हा माझ्या फावल्या वेळेतला अभ्यासाचा विषय आहे. निवृत्त माणसाला फावला वेळ किती असतो हे सांगायला नकोच.

स्टिरिओच्या पोथीत लिहिलेलं असतं की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. पोथी लिहिणाऱ्याने पुण्या-मुंबईतला वन बीएचके पाहिलेला नसावा. आमचा उजवा स्पीकर बाल्कनीच्या दाराला खेटून आहे. डावा कोपऱ्यात, चपलांच्या रॅकशेजारी. आणि त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला, म्हणजे माझं डोकं जिथे असायला हवं तिथे, जेवणाचं टेबल आहे. त्यामुळे शास्त्रोक्त गाणं ऐकायचं तर ते जेवणाच्या वेळीच ऐकावं लागतं आणि आमच्याकडे त्या वेळी बातम्या असतात.

तरीही एखाद्या दुपारी मी टेबलाशी खुर्ची नेमकी लावून बसतो आणि बालगंधर्वांच्या नाट्यपदांची एलपी लावतो. दोन्ही स्पीकर एकच गोष्ट, एकाच क्षणी, सारख्याच जोराने सांगू लागले की कान आपापसांत एक तडजोड करतात. आवाज डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही, मधून येतोय असं ते ठरवून मोकळे होतात. मध्ये स्पीकर नसतोच. आमच्याकडे मध्ये टीव्ही आहे. बालगंधर्व गेले १९६७ मध्ये, मुंबईत दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये, आणि आता भर दुपारी आमच्या बंद टीव्हीतून नारायणराव गात असतात. ऑर्गनही तिथेच, तबलाही तिथेच, सारंगीही तिथेच. एवढी मंडळी त्या बत्तीस इंची चौकटीत कशी मावतात याचं मला अजून नवल वाटतं.

पण ही तडजोड फार नाजूक असते. कोपऱ्यातला स्पीकर भिंतींच्या आधाराने जरा जास्तच घुमतो. बाल्कनीच्या दारातल्याचा निम्मा आवाज खालच्या भाजीवाल्याला जातो. त्यामुळे थोड्या वेळाने आवाज मधून हलतो आणि हळूहळू डावीकडे सरकायला लागतो. एकदा सौभाग्यवतीने स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकलं आणि म्हणाली, “अहो, तुमचे गंधर्व चपला घालून निघाले वाटतं.” मी उठून बॅलन्सची कळ किंचित उजवीकडे फिरवली. ते परत टीव्हीत आले. पाणी प्यायला उठलो तर माझ्या बाजूच्या स्पीकरमागे गेले, बसलो तर पुन्हा मध्ये. ज्याचा आवाज आधी येऊन पोचतो त्याच्यावर कान विश्वास ठेवतात. दोन-चार फुटांनीही निकाल फिरतो. “मला तर इथून छान ऐकू येतंय,” ती आतून म्हणाली. “तुम्हीच का सारखे उठबस करताय?” ती कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकत होती, तिच्या कानांना त्रिकोण नव्हता, आणि पदातली एक जागा माझ्याआधी तिनेच टिपली होती.

आता धुळीकडे येतो. मोनो रेकॉर्ड स्टिरिओवर लावण्यातलं खरं नाट्य धुळीचंच आहे.

मोनो रेकॉर्डच्या खाचेत गाणं फक्त आडवं कोरलेलं असतं. सुई डावीकडे-उजवीकडे हलते, वरखाली हलण्याचं तिला काही कारण नसतं. खाचेच्या दोन भिंती एकच मजकूर वाचून दाखवतात. स्टिरिओत मात्र प्रत्येक भिंतीवर वेगळा मजकूर असतो, एकीवर डावा आणि दुसरीवर उजवा. तो वाचायचा तर सुईला आडवंही हलावं लागतं आणि उभंही. त्यामुळे स्टिरिओची सुई उभ्या हालचालींबाबत फार हळवी असते. तिला मोनो खाचेत सोडलं की गाणं तर ती वाचतेच, शिवाय खाचेच्या तळाशी जे काही पडलंय, घासलंय, उखडलंय त्याचीही बारकाईने दखल घेते. धुळीचा कण काही दोन्ही भिंतींना विचारून बसत नाही. तो एकीवरच बसतो. म्हणून त्याचा टक्क आवाजही एकाच स्पीकरमधून येतो. पुढचा कण दुसरीवर, त्याचा टक्क दुसरीकडे. गायक एका जागी मध्ये उभा आणि त्याच्या भोवती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोलीभर पसरलेली, ठिकठिकाणी नेमकी ओळखू येणारी धूळ! ज्या यंत्रावर मी एवढे पैसे घातले ते मला गाणं मोनोत ऐकवतं आणि धूळ स्टिरिओत. धुळीचं एवढं सुस्पष्ट, एवढं खोलीदार ध्वनिमुद्रण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

यावर उपाय एक बटण आहे. जुन्या अॅम्प्लिफायरांवर ते असायचंच: ‘मोनो’. नव्यांवरून ते बहुधा नाहीसं झालं आहे, कारण नव्यांना वाटतं की मोनो आता कोण ऐकतो. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत बसणाऱ्या वयोवृद्ध मेकॅनिकने मला तो जुना अॅम्प्लिफायर विकला, तेव्हा बटणावर बोट ठेवून सांगितलं होतं, “साहेब, बाकी सगळं बिघडलं तरी चालेल. हे सांभाळा.” हे बटण डावं आणि उजवं एकत्र करून दोन्ही स्पीकरांना सारखं वाटून देतं. सुईच्या आडव्या हालचालीने दोन्ही बाजूंना एकच निरोप गेलेला असतो, तो बेरजेत भक्कम होतो. उभ्या हालचालीने मात्र एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच्या उलट निरोप गेलेला असतो, आणि बेरजेत ते दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. एकीच्या कानात एक आणि दुसरीच्या कानात उलटं सांगणाऱ्या चहाडखोराला दोघींसमोर बसवावं, तसं हे होतं. बटण दाबलं की खरखर एकदम मागे हटते आणि टर्नटेबलच्या मोटरची ती अंधूक घरघरही बरीचशी विरते. जी खरखर दोन्ही बाजूंना आपापल्या मर्जीने चालली होती ती गाण्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलनी उतरते. आकडा लहान आहे, पण कानाला हायसं वाटायला पुरतो. निवृत्तीनंतर एवढ्या कमी श्रमात एवढी सुधारणा घडवून आणण्याची संधी मला दुसऱ्या कुठल्याच क्षेत्रात मिळालेली नाही.

सगळी खरखर जात नाही, हेही सांगायला हवं. बालगंधर्वांच्या माझ्या एलपीवरची पदं मुळात लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली आहेत. म्हणजे त्या तबकड्यांची जी धूळ, जी झीज होती ती गाण्यासकट एलपीत कोरली गेली. ती आता आडवीच आहे. ती गाण्याचाच भाग झाली आहे आणि बालगंधर्वांच्या शेजारी, टीव्हीत बसते. बटणाला ती जुमानत नाही. बटण न दाबता ऐकलं तर दोन धुळी अगदी वेगळ्या ओळखू येतात: मध्ये, गायकाच्या अंगाला लागून, कुठल्या तरी जुन्या वाड्यातली, आणि कडेला, स्पीकरांपाशी, आमच्या घरातली. एकदा हे लक्षात आल्यापासून मी कधीकधी मुद्दाम बटण सोडून ऐकतो. कोणाकडची धूळ चांगली होती याची तुलना करता येते. सौभाग्यवतीला हे सांगितल्यावर तिने फडकं आणून माझ्या हातात दिलं.

सुईचं प्रकरण याहून चिवट. मोनो एलपीच्या काळात सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येचं असे, स्टिरिओ आल्यावर ते १८ च्या आसपास आलं. ही बारीक सुई जुन्या खाचेत थोडी खोल उतरते. कधी त्याने फायदा होतो. मागच्या मालकाच्या बोथट सुईने वरचा भाग घासून ठेवलेला असतो आणि आपली सुई त्याच्या खाली, कोऱ्या भिंतीवर चालते. साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डमधून अचानक लख्ख आवाज येतो तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. कधी मात्र ती पार तळाला टेकते आणि तिथला सगळा केर वाचून दाखवते. ७८च्या खाचेला तर जवळपास ७५ मायक्रॉनची सुई लागते. तिथे एलपीची सुई सोडणं म्हणजे गाणं सोडून फक्त केरच ऐकणं. केवळ मोनोसाठीची कार्ट्रिजही मिळतात. डेनॉनचं डीएल-१०२ हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. ते घ्यावं की न घ्यावं यावर माझे मित्र दोन तट करून बसले आहेत. मी बटणाच्या बाजूचा आहे. बटण अॅम्प्लिफायरबरोबरच आलं होतं, हे त्यामागचं एकमेव तात्त्विक कारण.

दोन आवाजांची ही भानगड मुळात सुरू केली कोणी? त्या गृहस्थाचं नाव अॅलन ब्लमलीन. लंडनच्या ईएमआयमध्ये इंजिनीअर. गोष्ट अशी सांगतात की १९३१ मध्ये हा बायकोबरोबर बोलपट बघायला गेला. पडद्यावर नट एका बाजूला चाललाय आणि त्याचा आवाज दुसरीकडच्या एकुलत्या स्पीकरमधून येतोय. बाकीचं थिएटर सिनेमा बघत होतं, हा आवाज नटाच्या मागून कसा चालवता येईल याचा विचार करत होता. बायकोला त्याने तिथेच सांगितलं की मला यावर उपाय सापडलाय. त्या माउलीने तो सिनेमा नीट पाहिला की नाही, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यात, एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याच्या युक्तीसकट, जवळजवळ सगळं होतं. स्टिरिओ एलपी बाजारात रुळायला मात्र १९५८ उजाडावं लागलं. ते बघायला तो नव्हता. महायुद्धात विमानातल्या रडारची चाचणी घेताना, ७ जून १९४२ रोजी विमान कोसळून तो गेला. अडतीस वर्षांचा होता.

या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी त्याने आपल्याला एक खोड लावून ठेवली असंही मला वाटतं. ‘काय गातोय’ आणि ‘कसं गातोय’ हे प्रश्न कानाला आधीही होते. ‘कुठून गातोय’ हा तिसरा त्याने आणला. आणि नवा प्रश्न नेहमी जुन्यांना ढकलून पुढे बसतो. स्टिरिओ नवीन असताना लोकांनी घरी पाहुण्यांना गाणी कमी आणि आगगाड्या जास्त ऐकवल्या. या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून बाहेर पडणारी आगगाडी! टेबल टेनिसचा चेंडू! सुरुवातीच्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डींत वाद्यं सगळी एका टोकाला आणि गाणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये मैदान. एका स्पीकरची तार निघाली तर गाणं जायचं आणि नुसती साथसंगत उरायची. आपल्याकडे ‘शोले’च्या सत्तर एमएमच्या पडद्याबरोबर १९७५ मध्ये सहा ट्रॅकचा आवाज आला तेव्हा नाणं खणकन पडल्यावर लोक खुर्चीखाली बघायचे म्हणतात. नाण्याच्या बाबतीत ‘कुठे पडलं’ हा प्रश्न रास्तच आहे. यमनच्या बाबतीत मला तो तितकासा पटत नाही.

गंमत म्हणजे ज्यांना स्टिरिओ सहज परवडत होतं अशा काहींचा जीव मोनोतच होता. १९६७ चं बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ घ्या. त्याच्या मोनो मिश्रणाला चौघेही हजर राहिले आणि त्यावर घासाघीस केली. स्टिरिओचं मिश्रण त्यांच्या माघारी झटपट उरकलं गेलं. अमेरिकेत बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ केलं तेही मोनोत. त्याला लहानपणापासून उजव्या कानाने ऐकूच येत नसे. एका कानाच्या माणसाने केलेलं ते काम दोन कानांची माणसं अजून ऐकतात. आपल्याकडे तर मोनोचा मुक्काम आणखी लांबला. सत्तरच्या दशकातही मोनो एलपी निघत होत्या. त्याआधी साठच्या दशकाच्या मध्यावर, इंग्लंड-अमेरिकेत ७८ची तबकडी इतिहासजमा झालेली असताना, आपल्या दमदमच्या कारखान्यात खुद्द बीटल्सच्या ७८ छापल्या जात होत्या. परदेशी संग्राहक आज त्यांच्यासाठी जीव टाकतात. दमदममध्ये तेव्हा त्याचं कुणालाच अप्रूप नसणार.

मोनोला रुंदी नसते, हे खरं. पण खोली असते, आणि ती मला मोठी वाटते. कर्ण्यात तोंड घालून गाण्याच्या काळापासून ही विद्या चालत आली आहे. तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेतलं ते अशाच कर्ण्यातून. कोण कर्ण्याच्या किती जवळ, कोण किती मागे, एवढ्यावरच सगळा तोल होता. पुढे मायक्रोफोन आला तरी तो एकच असायचा, आणि त्याच्यापासूनचं प्रत्येकाचं अंतर हीच प्रत्येकाची जागा. १९४९ च्या ‘महल’मधलं ते झपाटलेलं गाणं आठवा. आवाज लांबून येतो आणि जवळ येत जातो. त्यासाठी लताबाई मायक्रोफोनपासून दूर कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गाता गाता एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे आल्या. बटण नाही, यंत्र नाही, चालत आल्या. ते मी आमच्याकडे लावतो तेव्हा त्या टीव्हीच्या मागच्या भिंतीतून, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून निघून टीव्हीपर्यंत येतात. डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत, सरळ माझ्या दिशेने. दोन स्पीकर एकमुखाने बोलत असतील तरच हे घडतं. एकाने जरा वेगळं सांगितलं की त्या वाट चुकतात.

एका दिवाळीच्या साफसफाईत एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या जोडल्या गेल्या तेव्हा तर त्या पार भरकटल्या. आवाज पोकळ झाला, खर्ज नाहीसा झाला, आणि गाणं खोलीत आहे पण कुठेच नाही, असा भुताटकीचा प्रकार सुरू झाला. गाण्याला तसा तो शोभून दिसत होता, म्हणून काही दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, भावगीतं लावल्यावर. त्यांच्या आवाजातला स्पष्टपणा असा हवेत विरणं शक्यच नव्हतं. मेकॅनिकना फोन केला. ते म्हणाले, “मोनो लावलीत म्हणून तरी कळलं, साहेब. स्टिरिओ लावली असती तर वर्षभर वाहवा करत ऐकली असतीत.”

मोनोचे खरे हाल तिला सुधारायला निघालेल्यांनी केले. स्टिरिओची लाट आल्यावर परदेशी कंपन्यांनी जुन्या मोनो रेकॉर्डींचं ‘इलेक्ट्रॉनिक’ स्टिरिओ करून विकायला सुरुवात केली. म्हणजे एका बाजूला खर्ज जास्त, दुसऱ्या बाजूला तार जास्त, आणि मध्ये थोडा घुमारा. गाणाऱ्याचं पोट डाव्या स्पीकरमध्ये आणि दात उजव्यात. मग आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात ‘झंकार बीट्स’ आले आणि त्यांनी वरताण केली. चाळीस वर्षं सुखाने एकत्र नांदलेल्या गाण्यावर बाहेरून ढिशक्यांव ढिशक्यांव लादलं, तेही डावीकडून उजवीकडे फिरणारं. त्या कॅसेटी रिक्षात वाजायच्या. रिक्षा हे वाहन मुळातच दोन्ही बाजूंनी उघडं, त्यामुळे निम्मे ठोके परस्पर रस्त्यावर सांडायचे, हीच त्यातली देवाची कृपा.

माझ्या मित्रांतला एक सोवळा गट म्हणतो की मोनो ऐकायचं तर स्पीकर एकच हवा. दोन स्पीकरांनी एक आवाज काढला की काही सूर एकमेकांना खातात, स्वर पातळ होतो. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. एकाने तर दुसरा स्पीकर खरोखर माळ्यावर टाकला आणि त्याच्याकडे गेलं की आता सगळे एका बाजूला तोंड करून बसतात. गाणं सुरेख लागतं. तरी मला माझे दोनच बरे वाटतात. एका स्पीकरमधून येणारा आवाज त्या पेटीतून येतो, ती पेटी दिसत असते, तिच्यावर कंपनीचं नाव असतं. दोघांमधून आलेला आवाज जिथे काहीच नाही तिथून येतो. (टीव्ही आहे, पण तो बंद असतो.) हेडफोन लावून ऐकावं तर आणखी पंचाईत. तानपुरा, तबला आणि गाणारा सगळे डोक्याच्या आत, दोन कानांच्या बरोबर मध्ये बैठक मारतात. माझ्या डोक्यात तेवढी जागा कधीच नव्हती, असं घरातल्यांचं मत आहे.

आणि मांडवात तरी काय असतं? सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीत मागे बसलेला माणूस जवळच्या स्पीकरच्या खांबावरून येणारं गाणं ऐकत असतो, डोळे मिटून. दोन्हीकडच्या खांबांवरून बहुधा एकच आवाज येतो. तबलजी कुठल्या बाजूला बसलाय हे बघायला त्याला डोळे उघडावे लागतील, आणि तो ते उघडत नाही. आमच्या नातीचा तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकरही डावं-उजवं एकत्र करूनच वाजतो, म्हणजे तीही मोनोच ऐकते. मी तिला हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आजोबा, मला फक्त गाणं ऐकायचं होतं.”

मोनोचा स्टिरिओवरचा सर्वांत लांबचा प्रयोग मात्र घरात झालेला नाही. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली तेव्हा प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक रेकॉर्ड ठेवली. मिनिटाला १६⅔ फेऱ्या, म्हणजे आपल्या एलपीच्या निम्मा वेग. त्यात भारताकडून एकच गाणं आहे: गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली होती. केसरबाईंना मुळात रेकॉर्डिंगचं कौतुक नव्हतं. हयातभर त्या त्यापासून शक्यतो लांबच राहिल्या, आणि शेवटी सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या रेकॉर्डवर त्याच बसल्या. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, त्या गेल्या १६ सप्टेंबरला. त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण मोनो. रेकॉर्ड मात्र दोन चॅनेलची. तिच्यावर चित्रंही कोरली आहेत, निम्मी डाव्या बाजूला, निम्मी उजव्या बाजूला. सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आहे. सुई कुठे ठेवायची आणि तबकडी किती वेगाने फिरवायची, हे झाकणावर रेखाटलं आहे. व्हॉयेजर-१ आता २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे पोचलं आहे. तिथे ते कोणाला सापडलं आणि त्यांनी एवढ्या प्रवासाची धूळ झटकून सुई टेकवली, तर केसरबाई मध्ये येतील आणि उरलेली धूळ डावी-उजवीकडे पसरेल. झाकणावरच्या सूचनांत मोनोच्या बटणाचा कुठेही उल्लेख नाही. त्या लोकांना कान किती आहेत, यावर बरंच काही अवलंबून राहील.